‘नकाशे’ नावाचं फोल्डर

गणपतीत आमच्या वाडीत सभा भरली ती पाण्यासाठी. वाडी म्हणजे माझं सासर. पोलादपूर सोडून थोडं पुढे गेलं की एक अरुंद रस्ता डोंगरात वर चढतो, तो जिथे संपतो तिथे ही वाडी आहे. एरवी तिथे वयस्कर माणसं आणि गुरं एवढीच असतात. गणपतीला मात्र मुंबईकर येतात आणि प्रत्येक घराच्या ओटीपुढे चपलांचा ढीग पडतो. वरच्या डोंगरात एक झरा आहे, तो उन्हाळ्यातही आटत नाही. त्याचं पाणी पाईपनं वाडीत आणायचं, असं गावकीनं आणि मुंबई मंडळानं मिळून ठरवलं होतं. पाईप कुणाच्या जमिनीतून जाणार हे कागदावर दाखवायला महाडहून सर्व्हेअर बोलावले होते.

हे सर्व्हेअर म्हणजे आमचे महाडचे घरमालक. मी त्यांना काका म्हणते. साठी ओलांडलेले, उंच, उन्हानं कायमचे रापलेले. खाजगी मोजणीची कामं घेतात. त्यांचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आणि आम्ही त्याच्यावर भाड्यानं. तळमजल्यावर फक्त त्यांची जीप असते, कारण पुराच्या अनुभवानंतर महाडात तळमजल्यावर कागद ठेवायची हिंमत आता कुणी करत नाही. वाडीचं काम त्यांना माझ्या नवऱ्यानंच सुचवलं होतं, त्यामुळे ते नीट पार पडावं अशी आम्हा दोघांनाही काळजी होती.

देवळाच्या सभामंडपात काकांनी नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर चार नारळ ठेवले. निळी रेघ झऱ्यापासून खाली उतरत वाडीत येत होती. माझे चुलत सासरे, ज्यांना सगळी वाडी आबा म्हणते, पुढे सरकले आणि त्या रेघेवरून बोट फिरवू लागले. आबांना कुणी काही वाचून दाखवलेलं आवडत नाही, ते स्वतः बघतात. बोट अर्ध्यावर आलं आणि थांबलं.

“सायब,” ते शांतपणे म्हणाले, “ह्यो पाईप माज्या नव्या गोठ्यातनं जातो. म्हशीच्या पोटातनं नेताय काय?”

मंडप हसला. काका वाकून बघायला लागले आणि त्यांचा चेहरा उतरला. गोठा बांधून झाल्यावर त्यांनी स्वतः पुन्हा येऊन मोजणी केली होती आणि रेघ बांधावरून वळवून घेतली होती. समोर होता तो त्याआधीचा नकाशा. ते त्यांनी सांगून पाहिलं. पण कागद सगळ्यांनी डोळ्यांनी बघितला होता आणि बोलणं नुसतं कानावर पडत होतं. मागून कुणीतरी विचारलं की मग खरा नकाशा कुठला, आणि अजून किती आहेत. आबांनी हात जोडले आणि उठले. विसर्जन झालं की मुंबईकर परत जाणार होते. सभा शिमग्यावर गेली.

परतताना मी आणि नवरा काकांच्याच जीपमध्ये होतो. पोलादपूरच्या स्टँडजवळ त्यांनी जीप थांबवली, तिघांसाठी चहा आणि वडे सांगितले, आणि मग बोलायला लागले. त्यांच्या ऑफिसात एक मोठा कंप्युटर कोपऱ्यात ठेवलेला आहे, सगळे नकाशे त्यावर असतात. बाकीच्या मशीनवर तो ‘झेड’ नावाच्या ड्राइव्हसारखा दिसतो. म्हणजे दिसायला हवा. तो दिसत नाही म्हणून ऑफिसातल्या मुली पेनड्राइव्हवर काम करतात, आणि एकाच नकाशाच्या मग इतक्या प्रती होतात की छापताना चुकीची हाताला लागते.

“झेड अजिबातच दिसत नाही का?” मी विचारलं.

“असतो. पण सकाळी नसतो.”

मला हसू आलं. त्यांना आलं नाही, म्हणून मी वडा खाल्ला आणि म्हटलं, उद्या बघते.

लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी ठाण्याला एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर होते. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचे हरवलेले ड्राइव्ह शोधून द्यायचे हेच माझं काम होतं. माणूस कुठल्यातरी शहरात, मी ठाण्यात, मध्ये नुसता आवाज. काम झालं की तो ‘थँक्यू’ म्हणायचा आणि पुढचा फोन वाजायचा. नवऱ्याला महाडच्या एमआयडीसीत नोकरी लागली तेव्हा मी ती नोकरी सोडली. पहिले काही महिने बरं वाटलं आणि नंतर हात शिवशिवायला लागले. त्यामुळे दुसऱ्या दिवशी जिना उतरून काकांच्या ऑफिसात जाताना मी खुशीत होते, हे कबूल करायला हरकत नाही.

ऑफिसात नकाशे छापणाऱ्या मोठ्या प्लॉटरच्या शेजारी जी बसते ती तिथली मुख्य ड्राफ्ट्समन. माझ्याच वयाची, जवळच्या नाते गावाहून रोज स्कूटीनं येते. मोजणीचे आकडे घेऊन कंप्युटरवर नकाशा काढणं हे तिचं काम, आणि ती ते फार सुरेख करते. तिच्या गळ्यात एका दोरीला रंगीत पेनड्राइव्ह लटकत होते. माझ्याकडे तिनं नीट पाहिलंही नाही. याआधी आलेल्या प्रत्येक माणसानं मशीन बंद करून चालू केलं होतं आणि पैसे घेऊन गेला होता, असं तिनं मला मान खाली घालूनच सांगितलं.

मी काळी खिडकी उघडली. काळी खिडकी म्हणजे ती जागा, जिथे चित्रं नसतात, बटणं नसतात, आपण आज्ञा लिहायची आणि मशीननं ऐकायची. ‘नेट यूज’ अशी एक आज्ञा आहे. तिला ड्राइव्हचं अक्षर आणि दूरच्या फोल्डरचा पत्ता दिला की ती दोघांची गाठ बांधते. याला मॅपिंग म्हणतात. काका मागे उभे राहून बघत होते. ते म्हणाले, “मॅपिंग? ते तर मी आयुष्यभर करतोय.” रोज सकाळी हाताने गाठ बांधत बसायला नको म्हणून मी चार ओळींची एक बॅच फाइल, म्हणजे आज्ञांची यादी, लिहिली. जुनी गाठ असेल तर सोड, नवी बांध. कंपनीतल्या सवयीनं तिला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देऊन चालवलं. खिडकीनं सांगितलं, आज्ञा यशस्वी.

“बघा,” मी म्हटलं.

तिनं फाइलींची खिडकी उघडली. झेड नव्हता.

मी काळ्या खिडकीत झेडची यादी मागितली. सगळे नकाशे भराभरा वर सरकत गेले. तिच्या खिडकीत पुन्हा बघितलं, काही नाही. मी पुन्हा चालवलं. पुन्हा यशस्वी, पुन्हा नाही. ती आता पहिल्यांदा खुर्ची वळवून माझ्याकडे बघत होती.

“आमच्या गावात एकाच्या अंगात येतं,” ती म्हणाली. “त्याला पण असंच सगळं दिसतं, ताई. बाकीच्यांना नाही.”

काका खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. मला राग यायला हवा होता, पण तिनं इतक्या सरळ चेहऱ्यानं म्हटलं की मी हसतच सुटले, आणि मग तीही हसली. त्या दिवशी मी हरले आणि वर जाऊन भाकऱ्या थापायला घेतल्या. थापता थापता सुचलं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं की विंडोज त्या माणसाला वेगळी खोली देतं. माणूस तोच, पण एका खोलीत भिंतीला टांगलेला नकाशा दुसऱ्या खोलीतून दिसत नाही. मी माझी गाठ त्या बंद खोलीत बांधत होते. अर्धी भाकरी तव्यावर तशीच राहिली असती, नवऱ्यानं उलटली.

दुसऱ्या दिवशी तीच फाइल जास्तीचे अधिकार न देता साध्या दोन टिचक्यांनी चालवली. झेड आला. तिच्या खिडकीत आला. ती उठली आणि माझ्यासाठी चहा सांगून आली. हेल्पडेस्कवर मी हे काम हजारदा केलं असेल, पण काम झाल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो हे मला त्या दिवशी कळलं.

यानंतर वाटलं, सुटलं. फाइल प्रत्येक मशीनवर अशी ठेवली की मशीन सुरू झालं की ती आपोआप चालावी. दिवाळीपर्यंत नीट चाललं. मग वीजवाल्यांचं तारांचं काम निघालं आणि दिवसाआड लाइट जायला लागली. लाइट आली की सगळी मशीन एकदम सुरू व्हायची आणि काळ्या खिडकीत त्रेपन्न नंबरची चूक यायची. पत्ता सापडत नाही. थोड्या वेळानं हाताने चालवलं की सापडायचा.

याचं उत्तर त्या मानानं लवकर कळलं. कोपऱ्यातला मोठा कंप्युटर, ज्याला ऑफिसात मोठा डबा म्हणतात, जुना होता आणि उठायला वेळ लावायचा. बाकीची मशीन तरुण, ती आधी उठून त्याला शोधायची आणि तो अजून डोळे चोळत असायचा. मी फाइलीत आणखी ओळी घातल्या. आधी मोठ्या डब्याला ‘पिंग’ कर, म्हणजे साद घाल. ओ आली नाही तर जरा थांब, पुन्हा घाल. ओ आली की मग गाठ बांध.

हे काकांना समजावताना मला वाटलं कंटाळतील. उलट त्यांनी खुर्ची ओढली. साखळीनं मोजणी करायचे तेव्हा ते खोऱ्याच्या या बाजूला आणि त्यांचा माणूस त्या बाजूला असायचा. ते हाळी द्यायचे आणि ओ येईपर्यंत जागचे हलायचे नाहीत. एकदा धुक्यात त्यांनी ओ न ऐकताच मोजायला सुरुवात केली, आणि दिवसभर मोजलेलं सगळं फुकट गेलं, कारण पलीकडचा माणूस धुकं बघून केव्हाच घरी जेवायला गेला होता. ही गोष्ट सांगताना ते खूप हसले. मला ‘पिंग’ म्हणजे काय हे कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये दोन तास शिकवलं होतं. त्यांचं इतकं समजून झाल्यावर मला काही सांगायलाच उरलं नाही.

त्या हाळीतही एक गंमत झाली. एके सकाळी केर काढताना मोठ्या डब्याचं बटण बंद झालं. सगळ्या मशीनवर काळ्या खिडक्या उघडल्या आणि दुपारपर्यंत साद घालत बसल्या. थांबायचं केव्हा हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. सगळ्यांना वाटलं, ताईंनी केलंय म्हणजे काहीतरी चाललं असेल. मग मी मर्यादा घातली. इतक्या हाकांनंतर ओ आली नाही तर पडद्यावर लिहून दाखव: मोठा डबा चालू आहे का बघा. हे वाक्य मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, कारण काळ्या खिडकीचं आणि देवनागरीचं जमत नाही हे मला माहीत होतं.

काकांना ते अजिबात आवडलं नाही. त्यांच्या नकाशावर सगळं मराठीत असतं. ओढा, बांध, पायवाट, विहीर. उत्तर दिशेच्या बाणावर ते इंग्रजी एन नाही, ‘उ’ घालतात. मराठी वाक्य इंग्रजी अक्षरांत का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मशीनला येत नाही. ते म्हणाले, “शिकवा मग त्याला,” आणि साइटवर निघून गेले. मला वाटलं, ते विसरले.

शिमगा जवळ आला. त्या वर्षी तो आणि चवदार तळ्याची वीस मार्चची गर्दी पाठोपाठ आली होती. गावात बाहेरगावच्या गाड्या यायला लागल्या होत्या, आणि सभेच्या दिवशी रस्ते बंद व्हायच्या आत निघायचं असं काकांनी ठरवलं. नकाशा छापून गुंडाळून तयार होता. आदल्या संध्याकाळी आबांचा फोन आला. बांधावर त्यांच्या वडिलांनी लावलेला फणस आहे, खणताना त्याची मुळं तुटतील, तेवढा वाचवता येईल का? सभेआधी आबांनी आपण होऊन फोन केला याचाच काकांना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच हो म्हटलं. ड्राफ्ट्समन घरी निघाली होती, ती पर्स खांद्याला लावूनच परत बसली. तिनं रेघ फणसाच्या पलीकडून वळवली, झेडवर ठेवली, आणि सकाळी लवकर येऊन छापते म्हणाली. तिच्या आईला गुडघ्यांसाठी जवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचं होतं, ते तिनं दुसऱ्या दिवसावर ढकललं.

सकाळी मी साडी नेसत होते तेव्हा खालून हाक आली.

“ताई, झेड गेला.”

मी तशीच खाली आले. काळ्या खिडकीत चूक होती, पण यावेळी त्रेपन्न नव्हती. सदुसष्ट होती. मला धीर आला आणि मी तो बोलूनही दाखवला. त्रेपन्न म्हणजे घरच सापडत नाही. सदुसष्ट म्हणजे घर सापडलं, दार वाजवलं, आतून ओ आली, पण तुम्ही म्हणता त्या नावाची खोली इथे नाही. म्हणजे मोठा डबा जागा होता, तार ठीक होती. नावात काहीतरी होतं.

“पेनड्राइव्हवर घेऊन छापू का?” तिनं विचारलं. पण ते होणार नव्हतं आणि ते तिलाच जास्त माहीत होतं. पाईपची रेघ एका फाइलीत असते आणि खालचा गाव नकाशा, डोंगराच्या उंचीच्या रेघा, घरं हे सगळं झेडवरच्या दुसऱ्या फाइलींतून येतं. झेड नसला की कोऱ्या कागदावर नुसती एक निळी वाकडी रेघ उमटते.

“कालपासून कुणी काही बदललं का?” मी विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. काका खिडकीशी उभे राहून चष्मा पुसत होते. तो कधीचाच स्वच्छ झाला होता.

“मी फक्त नाव बदललं,” ते म्हणाले.

काल संध्याकाळी ऑफिसात एकटे असताना, फणस वाचल्याच्या आनंदात, त्यांनी मोठ्या डब्यावरचं ‘मॅप्स’ हे फोल्डर ‘नकाशे’ केलं होतं. नुसतं नाव बदललं नव्हतं. नाव बदललं की ते बाकीच्यांना दिसायचं बंद होतं, म्हणून ते पुन्हा सगळ्यांसाठी खुलं केलं होतं, परवानग्या दिल्या होत्या. मी एकदा कुणालातरी दाखवत असताना त्यांनी मागून बघितलं होतं तेवढ्यावर. एकही पायरी चुकली नव्हती. ऑफिसातल्या सगळ्यांना सकाळी चकित करायचं होतं, आणि ते त्यांना जमलंही होतं.

मी फाइल उघडली, जुनं नाव पुसून ‘नकाशे’ लिहिलं, चालवली. काळ्या खिडकीत ‘नकाशे’च्या जागी ग्रीक अक्षरं आली, अल्फा, त्याच्यामागे डोक्यावर लहर असलेला एन, पुन्हा अल्फा, मध्येच चौकटीचा एक तुटका कोपरा. खाली पुन्हा सदुसष्ट.

बाहेर गाड्यांचे हॉर्न वाढत होते. काका खुर्चीत बसले. “परत इंग्रजी नाव ठेवतो,” ते म्हणाले. “माझीच हौस. निघायला हवं.” ते मोठ्या डब्याकडे जायला उठले तर ड्राफ्ट्समन मध्ये आली.

“नको सर,” ती म्हणाली. “नॉर्थचं उत्तर माझ्याकडून करून घेतलंत. तेव्हा मी किती कुरकुर केली. आता ह्या डब्यापुढे तुम्ही का माघार घेताय? ताई बघतील. चहा येईपर्यंत बघू दे त्यांना.”

चहावाल्याला तिनं खिडकीतून खूण केली. मला तेवढा वेळ मिळाला. मी डोळे मिटले आणि ठाण्याच्या त्या ऑफिसात गेले. तिथे एकदा एका माणसाच्या फाइलींची नावं तमिळमध्ये होती आणि माझ्या शेजारच्या मुलीनं काहीतरी एक ओळ सांगितली होती. काळ्या खिडकीला कुठल्या लिपीसंचातून वाचायचं ते सांगणारी ओळ. त्यात एक लांबलचक आकडा होता. पासष्ट हजार एक. आकडा आठवला तशी ओळही आठवली. फाइलीच्या अगदी वर, इतर कशाहीआधी, मी ती घातली आणि चालवली.

‘नकाशे’च्या जागी रिकामे चौकोन आले.

“हे तर आणखी वाईट,” काका म्हणाले.

मलाही तसंच वाटलं. मग माझी नजर खालच्या ओळीवर गेली. आज्ञा यशस्वी. त्या खिडकीला देवनागरी काढता येत नव्हती, पण वाचता आली होती. ड्राफ्ट्समननं माझ्या खांद्यावरून हात घालून माउस घेतला आणि फाइलींची खिडकी उघडली. झेड होता, आणि त्याच्या शेजारी मोठ्या कंप्युटरच्या नावामागे स्वच्छ, काना-मात्रेसकट लिहिलेलं होतं: नकाशे.

तिनं फाइल उघडली. आधी फिकट गाव नकाशा आला, मग डोंगराच्या रेघा, मग घरं, मग आबांचा गोठा, आणि सगळ्यात शेवटी निळी रेघ, फणसाला वळसा घालून. प्लॉटर घरघरायला लागला. चहा आला तेव्हा काका त्याच्या तोंडाशी दोन्ही हात धरून उभे होते.

निघायला उशीर झालाच. निळे झेंडे घेतलेले लोक तळ्याकडे चालले होते, लहान मुलं खांद्यावर, आजीबाई पांढऱ्या साड्यांत. काका जीप लोकांच्या पावलांच्या वेगानं हाकत होते. रस्त्याच्या कडेला मांडव घातलेल्या पोरांनी आम्हालाही पाण्याचे ग्लास दिले. हायवेला लागेपर्यंत बराच वेळ गेला, पण कुणाची काही तक्रार नव्हती. मागच्या सीटवर मी गुंडाळलेला नकाशा मांडीवर आडवा घेऊन बसले होते.

वाडीत देवळापुढच्या होळीच्या माळावर तयारी चालली होती, त्यामुळे सभा आबांच्याच अंगणात भरली. त्याच नारळांनी कोपरे दाबले की दुसऱ्या, मला माहीत नाही. आबांनी चष्मा लावला आणि झऱ्यापासून बोट चालवायला सुरुवात केली. गोठ्यापाशी रेघ बाहेरून गेली. बांधावर आली. तिथे बोट थांबलं.

“हितं बाक कशापायी?”

“फणसापायी,” काका म्हणाले.

आबांनी बोट वळणावरून पुढेमागे फिरवलं. मग वर बघितलं, काकांकडे नाही, माझ्याकडे. मी सगळ्यात मागे बायकांत बसले होते. महाडला माझं काय चालतं हे त्यांना नवऱ्याकडून कळलं असावं.

“सूनबाय, ह्योच नकाशा खरा नं? उद्या दुसरा नाय निघायचा?”

“हाच एक आहे, आबा,” मी म्हटलं. “आता सगळ्या मशीनवर हाच दिसतो.”

“मंग माजी ना नाय,” ते म्हणाले आणि चष्मा काढला.

त्यांच्यामागून बाकीच्यांनीही होकार दिला. मुंबईकरांपैकी दोघांना टाकी आपल्या घरापाशी हवी होती, त्यावर थोडी घासाघीस झाली. शेवटी टाकी देवळामागे ठरली. काका कागद गुंडाळायला लागले तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. त्या सभेत कधी बोलत नाहीत.

“नळ किती उंच ठेवणार, तां सांगा आधी. खाली कळशी मावली पायजे. नायतर लोटा लोटा भरत बसायचं.”

सगळे पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. काकांनी नकाशा पुन्हा उलगडला, एक कळशी आणायला सांगितली, टेपनं तिची उंची मोजली आणि कडेला पेन्सिलीनं लिहून घेतली. बायका मग उठून उभ्या राहिल्या आणि कळशीखाली दगड किती उंच हवा, चौथऱ्याला उतार कुठल्या बाजूला हवा, हे सगळं सांगायला लागल्या. सभा खरी तेव्हा सुरू झाली. ढोल वाजायला लागले तरी काका लिहीत होते. पुरणपोळी त्यांनी पेन्सिल कानावर ठेवूनच खाल्ली.

पाईप वैशाखात टाकून झाला. पाणी सोडायच्या दिवशी मी नवऱ्याच्या सुट्टीची वाट न बघता वाडीत गेले. देवळाशेजारच्या नळापाशी सगळी वाडी जमली होती. आबांनी तोटी उघडली. आधी नुसती हवा आली, म्हातारं माणूस खोकतं तसा आवाज करत. मग लाल गढूळ पाणी, मग पाचोळा, आणि मग पाणी एकदम थांबलं. आबांनी नळाला टिचकी मारली. आत काहीतरी खरडलं, आणि तोटीतून एक छोटा खेकडा नांग्या वर करून बाहेर पडला आणि थेट सासूबाईंच्या कळशीत जाऊन बसला. त्याच्यामागून पाणी आलं, आधी तांबूस, मग हळूहळू स्वच्छ.

काका तिथेच होते. हसणं थांबल्यावर त्यांनी ऑफिसात फोन लावला आणि ड्राफ्ट्समनला सांगितलं की झऱ्याच्या तोंडाशी जाळी दाखवायची राहिली आहे, आत्ताच नकाशात घाल. सासूबाईंनी कळशी शेजारून वाहणाऱ्या वहाळात उपडी केली आणि पुन्हा रांगेत येऊन उभ्या राहिल्या.